पणजोबा आणि ॲरिस्टॉटल

कुंडलला चहाच्या टपरीवर परवा एक तरुण ऐटीत सांगत होता, ‘तुफान सेनेतली सगळी माणसं इंग्रजांच्या विरोधात हुती. आमचा पणजाबी इंग्रजांवर खार खाऊन असायचा, म्हंजी त्यो तुफान सेनेतलाच!’ १९४३ ते १९४६ या काळात कुंडल हे साताऱ्याच्या इंग्रजविरोधी प्रतिसरकारचं मोठं केंद्र, त्यामुळे पणजोबा असतीलही त्याच्या तुफान सेनेत. पण तर्क साफ लंगडा. ‘सर्व’ने सुरू झालेलं विधान उलटवताना ‘काही’वर उतरावं लागतं, हे ॲरिस्टॉटलने केव्हाच सांगून ठेवलंय. इंग्रजविरोधकांपैकी काही तुफान सैनिक, बस्स. ‘एकही गोरा अधिकारी तुफान सैनिक नव्हता’ हे मात्र खुशाल फिरवा, काही बिघडत नाही. खरी मेख ‘काही अमुक तमुक नाहीत’ या प्रकारच्या विधानात आहे. ‘काही कुंडलकर प्रतिसरकारचे कार्यकर्ते नव्हते’ यावरून ‘काही कार्यकर्ते कुंडलकर नव्हते’ हे निघतच नाही. आता हे दुसरं वाक्य खरं आहे, खुद्द प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे! पण ते कळतं इतिहासातून, पहिल्या वाक्यातून नव्हे. माझं स्पष्ट मत आहे, विधान उलटवण्याचे, म्हणजे परिवर्तनाचे, हे नियम आठवीतच शिकवावेत. कॉलेजात तर्कशास्त्र भेटेपर्यंत पोरांनी लग्नाच्या बायोडेटात क्रांतिकारक पणजोबा घालून टाकलेले असतात.