अंधाराच्या नकाशात आमची वस्ती कुठे?

सन २०१६ मध्ये ‘सेफ्टीपिन’ या संस्थेने मोटारीच्या काचेला मोबाइल लावून दिल्लीच्या रस्त्यांचे रात्रीचे फोटो काढले आणि ७,४०० हून अधिक अंधाऱ्या जागा सरकारपुढे ठेवल्या. काम चांगलेच, अनेक ठिकाणी दिवे लागलेही. पण जिथे मोटार शिरतच नाही, त्या गल्लीचा फोटो कोण काढणार? उपग्रहाचेही तेच. रात्रीचा उजेड टिपणाऱ्या उपग्रहाचा एक ठिपका सुमारे ७५० मीटरचा. हायवेचा झगमगाट आणि त्याला लागून असलेली अंधारी झोपडपट्टी त्यात एक होऊन जाते. याच माहितीवर संगणक उजेडाचे अंदाज बांधणार असेल, तर आमची वस्ती कागदावर उजळलेलीच राहणार!

पहाटे झाडू घेऊन निघणारी सफाई कामगार भगिनी, रात्री सार्वजनिक संडासाकडे जाणारी मुलगी याच गल्लीतून चालते. समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू येईल एवढा उजेड तिला हवा. खांबांची संख्या सांगून भागत नाही. संविधानाच्या १५व्या कलमात विहिरी-तलावांबरोबर रस्त्यांच्या वापराचाही हक्क लिहिलेला आहे. तेव्हा आपल्याकडच्या महापालिकांनी उजेड मोजण्याचे यंत्र घेऊन, वस्तीतल्या बायांसोबत रात्री दहानंतर पायी फिरावे. नकाशा मग छापावा.