गेलेला गडी परत येतो तेव्हां

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ तालुक्यांत जवळा बाजार नांवाचें गांव आहे. नांवाप्रमाणेंच तें बाजाराचें गांव. तेथें कृषि उत्पन्न बाजार समिति आहे आणि आसपासच्या शिवारांतील शेतमालाची उलाढाल तेथें चालते. परंतु या टापूंत, किंबहुना साऱ्या मराठवाड्यांत, आणखी एक व्यवहार वर्षांतून एकदां होतो व त्याची नोंद कोणत्याहि समितीच्या वहींत सांपडत नाहीं. तो म्हणजे गुढीपाडव्याला ठरणारा सालगड्याचा करार. एका पाडव्यापासून दुसऱ्या पाडव्यापर्यंत अमुक रोख, अमुक धान्य, अमुक कपडा, अशा बोलीवर एक मनुष्य आपलें सबंध वर्ष दुसऱ्याच्या हवालीं करतो. पाडवा उलटला कीं कोणाचा गडी कोणाकडे राहिला याची चर्चा पारावर सुरू होते, आणि तिच्यांत एक विषय हटकून निघतो. दोनतीन वर्षांपूर्वीं साल सोडून पुण्याला किंवा ऊसतोडीला गेलेला एखादा गडी पुन्हां जुन्याच मालकाच्या दारीं येऊन उभा राहिलेला असतो.

या परत आलेल्या मनुष्याविषयीं दोन मतें ऐकूं येतात. पहिलें असें कीं, ज्यानें खाल्ल्या घरचे वासे मोजले त्याला पुन्हां उंबरा ओलांडूं देऊं नये. दुसरें मत दिसावयास दयाळू आहे: ‘फिरफिरून शेवटीं आपल्याच दाराशीं आला ना? इमानी आहे बिचारा, घ्या ठेवून.’ पहिलें मत रागाचें आणि दुसरें समाधानाचें. पण दोहोंच्या पोटीं समजूत एकच आहे. ती ही कीं, मालकाला सोडून जाणें हा अपराध होय. एक पक्ष त्या अपराधाची शिक्षा सांगतो, दुसरा क्षमा करूं पाहतो. माझें म्हणणें असें कीं, येथें अपराधच घडलेला नाहीं. मग शिक्षा कसली आणि क्षमा तरी कसली?

हा प्रश्न खेड्यांतल्या चार मालकांचा आहे असें समजून सुशिक्षित वाचकानें पान उलटूं नये. मराठवाड्यांतील जमिनींचे पुष्कळ धनी आज संभाजीनगरला, पुण्याला, मुंबईला राहतात. ते वकील आहेत, डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत. आणि त्यांचीं शेतें गड्याच्या भरंवशावर पिकतात. घरांतील धुण्याभांड्यांची बाई दुसरें काम धरून गेली व वर्षानें परत आली, तर तिच्याशीं आपण कोणत्या स्वरांत बोलतों, हें ज्यानें त्यानें आठवून पाहावें. प्रश्न आपल्याच उंबऱ्यावरचा आहे.

आतां आपल्या वर्गाच्या जाण्यायेण्याकडे पाहूं. रघुराम राजन हे शिकागो विद्यापीठांतील प्राध्यापक. ते २०१३ सालीं रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले आणि २०१६ सालीं मुदत संपतांच आपल्या विद्यापीठांत परत गेले. विद्यापीठाला त्यांचें जाणें बेइमानीचें वाटलें नाहीं. उलट जगांत वावरून आलेला अध्यापक म्हणून त्यांचें मोल वाढलेंच. इन्फोसिसच्या संस्थापकांपैकीं एक नंदन निलेकणी २००९ सालीं कंपनी सोडून आधारच्या कामाला गेले व २०१७ सालीं अध्यक्ष म्हणून परतले, तेव्हां वर्तमानपत्रांनीं त्यांचें स्वागतच केलें. पक्क्या सरकारी नोकराला दुसऱ्या पदावर जातांना मूळ पदावरील धारणाधिकार राखतां येतो. म्हणजे नियमच त्याला सांगतात कीं, जाऊन ये, तुझी खुर्ची तुझीच आहे. शिकल्यासवरल्या मनुष्याचें जाणें हा अनुभव, त्याचें परत येणें हा संस्थेचा लाभ. आणि गड्याचें जाणें ही मस्ती, त्याचें परत येणें ही खोड मोडणें! एकाच कृतीला दोन नांवें देणारी ही नीति कोणत्या शास्त्रांत बसते? ती केवळ पगाराच्या आंकड्यावर बसलेली आहे.

कोणी म्हणेल, येथें मिठाचा प्रश्न आहे. अन्नदात्याशीं इमान राखणें ही आपली परंपरा आहे. परंपरेचें नांव घ्यावयाचें तर तिच्यांतील सर्वांत थोर उदाहरणच घेऊं. १६६६ च्या आरंभीं पन्हाळ्याच्या मोहिमेंत नेताजी पालकर वेळेवर पोंचले नाहींत म्हणून शिवाजी महाराजांनीं त्यांना सरनौबतीवरून दूर केलें. ते विजापूरकरांकडे गेले आणि त्याच वर्षीं मिर्झा राजे जयसिंगाच्या खटपटीनें मोगलांच्या चाकरींत शिरले. पुढें महाराज आग्र्याहून निसटतांच औरंगजेबानें नेताजींना कैद करविलें. १६६७ सालीं त्यांचें धर्मांतर होऊन ते मुहंमद कुलीखान झाले व काबूलकडे रवाना झाले. धनी सुटला, मुलूख सुटला, धर्महि सुटला. यापेक्षां दूर कोणता चाकर जाऊं शकतो? तरीहि १६७६ सालीं ते परत आले तेव्हां महाराजांनीं त्यांना शुद्ध करून जवळ केलें. स्वराज्याच्या धन्याला जें जड गेलें नाहीं, तें वीस एकरांच्या धन्याला जड जावें, हें नवल आहे.

याच कथेंत दुसऱ्या एका आक्षेपाचेंहि उत्तर आहे, आणि तो आक्षेप खरोखर विचार करण्याजोगा आहे. गेलेल्याला मानानें परत घेतलें, तर जो कोठेंच गेला नाहीं, ज्यानें पडत्या काळांत काम ओढलें, त्याच्यावर अन्याय होत नाहीं काय? होऊं शकतो; पण होऊं न देणें मालकाच्या हातीं आहे. नेताजी परतले तेव्हां सरनौबतीची वस्त्रें हंबीरराव मोहित्यांकडे होतीं. प्रतापराव गुजर पडल्यावर १६७४ सालीं तीं त्यांना मिळालीं होतीं आणि पुढेंहि त्यांच्याकडेच राहिलीं. परतणाऱ्याला दार उघडें असावें, पण राहिलेल्याला त्याच्या जागेवरून उठवून नव्हे. एवढी साधी वांटणी ज्याला करतां येत नाहीं, त्यानें निष्ठेच्या नांवानें परतणाऱ्याला बाहेर उभें करूं नये. आपल्या कारभाराचा दोष आपल्याकडे घ्यावा.

येथवर रागाच्या पक्षाविषयीं झालें. मला अधिक घातक वाटतो तो समाधानाचा पक्ष. गडी परत आला म्हणजे तो आपल्या प्रेमानें आला, असें मालक मानतो. येथें विचारावयाचा प्रश्न एकच: त्याला न येण्याची मोकळीक होती काय? मराठवाड्यांत या प्रश्नाचें उत्तर बहुधा एका शब्दांत असतें, आणि तो शब्द म्हणजे उचल. लग्नासाठीं, दवाखान्यासाठीं गड्यानें मालकाकडून आगाऊ रक्कम घेतलेली असते. ऊसतोडीला जाणारें जोडपें मुकादमाकडून उचल घेतें. नवराबायको मिळून त्यांना एक कोयता म्हणतात, इतकी त्यांची मोजदाद हत्याराशीं एकरूप झाली आहे. हंगाम संपतो, उचल फिटत नाहीं, उरलेली बाकी पुढच्या हंगामावर चढते आणि कोयता पुन्हां त्याच मुकादमाकडे जातो. वहींतली बाकी माणसाला ओढून आणते व आपण त्या ओढीला माया म्हणतों. दाव्याला बांधलेली गाय संध्याकाळीं गोठ्यांत दिसली, यांत तिच्या निष्ठेचें कौतुक तें काय करावयाचें?

उचलीच्या जोरावर माणूस परत आणण्याची ही युक्ति जुनी आहे. १८५९ सालीं इंग्रज सरकारनें एक कायदाच केला होता. उचल घेऊन काम टाकून गेलेल्या कारागिरास वा मजुरास मॅजिस्ट्रेटपुढें आणावयाचें, पैसे फेड किंवा काम पुरें कर असा हुकूम सोडावयाचा, आणि तो न मानल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची कैद द्यावयाची, अशी त्यांत तरतूद होती. हा कायदा रद्द होण्यास १९२५ साल उजाडावें लागलें. स्वतंत्र भारतानें १९७६ सालीं वेठबिगार निर्मूलनाचा कायदा केला. त्यांत वेठबिगारीची जी व्याख्या आहे तिच्यांत केवळ फुकट राबविणेंच येत नाहीं. कर्जापोटीं दुसरीकडे काम धरण्याचें स्वातंत्र्य गमावणें, हेंहि तिच्यांत येतें. दुसऱ्याकडे जातां येणें, हीच स्वतंत्र मजुराची खूण. ती जेथें नाहीं तेथें इमानाची गोष्ट काढणेंच असभ्यपणाचें आहे.

यावर मालक आपली कैफियत मांडतील: उचल घेऊन पळून जाणारेहि आहेत, आमचे पैसे बुडतात, ऐन पेरणींत शेत उघडें पडतें. तक्रार खोटी नाहीं. मुकादमहि असे फसतात आणि लहान शेतकऱ्याला तर हा फटका फार लागतो. परंतु बुडालेली रक्कम हें देणें आहे. तें देण्याच्या रीतीनें वसूल करावें, हप्ते बांधावेत, कागद करावा. सावकाराचें कर्ज थकलें म्हणून सावकार शेतकऱ्याला आपल्या घरीं राबवूं लागला, तर हाच मालक आकाशपाताळ एक करील. मग आपल्या येण्यासाठीं गड्याचा देह कां अडकवून ठेवावयाचा?

निष्ठेचा हिशेब दोन्ही बाजूंनीं मांडावयाचा असेल, तर २०२० सालचा पाडवा आठवावा. त्या वर्षीं गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशीं देशभर टाळेबंदी सुरू झाली. शहरांतील कामें बंद पडलीं, पुष्कळ मालकांनीं हात वर केले, आणि माणसें पोरेंबाळें घेऊन पायीं गांवाकडे निघालीं. त्या वेळीं मालकांनीं मजुरांना सोडलें. त्याला कोणी बेइमानी म्हटलें नाहीं, परिस्थिति म्हटलें. कांहीं महिन्यांनीं कामें सुरू झालीं, तेव्हां तेच मालक व ठेकेदार मजुरांना परत आणण्यासाठीं निरोप धाडूं लागले, गाड्या पाठवूं लागले. म्हणजे सोडून जाणें आणि परत बोलावणें या दोन्ही गोष्टी मालकाला सोयीप्रमाणें करतां येतात. कारखान्यांतील कामगाराच्या बाबतींत कायद्यानें हें थोडेंफार ओळखलें होतें; कामावरून कमी केलेल्या कामगाराला, पुन्हां भरती निघाल्यास अग्रहक्क द्यावा, असें कलम औद्योगिक विवाद कायद्यांत १९५३ सालीं घालण्यांत आलें. शेतावरच्या गड्याला अशा हक्काची ओळखहि नाहीं. त्याच्या वांट्याला आली आहे ती पारावरची टवाळी.

आणि तो परत येतांना रिकाम्या हातांनीं येत नाहीं. कोणी ट्रॅक्टर चालविण्यास शिकलेला असतो, कोणी मोटार दुरुस्त करण्यास, कोणी ठिबकाच्या नळ्या जोडण्यास. बांधकामावर हजेरीचा हिशेब ठेवतां ठेवतां त्याला आंकडे कळूं लागलेले असतात. हळदीच्या आणि उसाच्या या मुलखांत असा गडी मिळणें हें मालकाचें भाग्य होय. पण मालक काय म्हणतो? ‘जुनाच माणूस आहे, जुन्याच भावानें राहील.’ किंबहुना जुन्यापेक्षांहि कमी भाव सांगतो, कारण दाराशीं आलेल्याची गरज त्यानें ताडलेली असते. सालगडी मिळत नाहीं, मिळाला तर टिकत नाहीं, अशी ओरड गांवोगांव ऐकूं येते. ओरडणाऱ्यांनीं इतकेंच तपासावें कीं, जो स्वतःहून परत आला त्याला आपण कोणत्या भावानें आणि कोणत्या शब्दांनीं घरांत घेतलें.

म्हणून ज्यांची शेतें गड्यांवर चालतात त्या वाचकांपुढें चार गोष्टी ठेवतों. साल संपलें कीं हिशेब लेखी करून गड्याच्या हातीं द्यावा. बाकी उरली तर तिचे हप्ते ठरवावेत, पण ती पुढच्या सालाला बांधूं नये. जाणाऱ्याला निरोप देतांना दार लावून घेऊं नये. परत आलेल्याशीं चालू बाजारभावानें, त्याच्या नव्या कसबाची किंमत धरून बोलणी करावी. आणि चौथी, जिला एक पैसाहि पडत नाहीं: तो गेला होता या गोष्टीचा उच्चार टोमण्यासाठीं करूं नये.

येत्या पाडव्याला जवळा बाजारच्या आसपास पुन्हां बोलणी होतील. एखादा गडी जुन्या वाड्याच्या ओसरीवर येऊन बसेल. तो देण्यापायीं आला आहे कीं आपल्या खुशीनें, हें मालकानें आधीं पाहावें. देण्यापायीं आला असेल तर आधीं त्याला त्यांतून मोकळा करावा आणि मग विचारावें, राहतोस का? त्यानंतर तो ‘हो’ म्हणाला, तरच मालकानें आपल्या घराचा अभिमान बाळगावा.