उन्हाचीही मात्रा लिहा

कोडाच्या मोजक्या डागांवर सोरालेनचे लोशन लावून ऊन घ्यायचे, हा उपचार आपल्याकडे इतका अंगवळणी पडला आहे की चिठ्ठीवर लोशनचे नाव आणि टक्केवारी काटेकोर येते, उन्हापुढे मात्र ‘दहा मिनिटे, रोज’ एवढेच. वास्तविक सोरालेन एकटे जवळजवळ निष्क्रिय असते. यूव्हीए किरण पडल्यावरच ते डीएनएशी बांधले जाते. म्हणजे मात्रा ठरते ती किरणांनी, आणि तीच आपण मोघम सोडतो. त्यातही ‘रोज’ हा शब्द सर्वांत घातक. यूव्हीबीची लाली बारा ते चोवीस तासांत कळसाला पोचते, सोरालेनची मात्र ४८ ते ७२ तासांनी, कधी त्याहूनही उशिरा. पहिल्या दिवशीचे भाजणे दिसण्याआधीच रुग्ण दुसरी आणि तिसरी मात्रा घेऊन बसलेला असतो. मग फोड येतात, केसपेपरवर ‘सूचना पाळल्या नाहीत’ अशी नोंद होते (सूचना पाळल्या म्हणूनच फोड आले, हे कोण लिहिणार?) आणि भाजलेल्या जागी कोड उलट पसरू शकते.

मग हा उपचार सोडून यंत्रावरचे नॅरोबँड यूव्हीबीच का देऊ नये? ॲमस्टरडॅमच्या १९९७ च्या अभ्यासात चार महिन्यांनी नॅरोबँडच्या ६७ टक्के रुग्णांत रंग परतला, सोरालेन लावून यूव्हीए घेणाऱ्या ४६ टक्क्यांत. यंत्र हाताशी असेल तिथे वाद नाही. पण आठवड्यातून दोन-तीनदा, तेही महिनोन्‌महिने, रोजगार बुडवून शहर गाठणे ज्याला शक्य नाही, त्याच्यासाठी लोशन आणि ऊनच उरते. ऊन मोजता येत नाही, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. ऋतू, वेळ, ढग यांनी ते बदलते, म्हणूनच जे हातात आहे ते तरी पक्के हवे. बाजारातले पाऊण-एक टक्क्याचे लोशन ०.१ टक्का किंवा त्याहून सौम्य करून द्यावे. लावल्यावर अर्ध्या तासाने, ठरलेल्या वेळी, अर्ध्या-एका मिनिटापासून सुरुवात. दोन खेपांत किमान तीन दिवसांचे अंतर. आणि मागची लाली पाहूनच पुढची वाढ. नंतर डाग धुऊन झाकायला सांगावे, कारण यूव्हीए काचेतूनही येते आणि एसटीच्या खिडकीशी बसलेल्या रुग्णाचा उपचार नकळत चालूच राहतो. बावची ही वनौषधी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, मग एवढी काळजी कशाला, हा युक्तिवाद इथे गैरलागू. तिच्यातही सोरालेनच असते.

एवढे समजावून सांगायला पाच मिनिटे लागतात. ती देता येत नसतील, तर लोशन लिहू नये.