अमेरिकी यश एकट्याचे नव्हते



‘अमेरिकेत कष्टाळू माणूस वर येतोच, अपयश हा ज्याचा त्याचा दोष’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला पटत नाही. ‘अमेरिकन ड्रीम’ हा शब्दप्रयोग रूढ करणाऱ्या जेम्स ट्रस्लो ॲडम्स यांनीच १९३१ मध्ये बजावले होते की, हे स्वप्न केवळ मोटारी आणि मोठ्या पगारांचे नाही. शिवाय अमेरिकेतील यशामागे सरकार उभे होते. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन जवळपास फुकट दिली, तीही बरीचशी मूळ रहिवाशांकडून हिरावलेली. १९४४ च्या जी. आय. कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी मदत आणि घरकर्जासाठी सरकारी हमी दिली. कृष्णवर्णीयांच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले. आपले अनेक इंजिनिअर तिथे स्वकष्टाने चमकले, हे खरेच. पण त्यांपैकी अनेकांच्या आयआयटीतील शिक्षणाचा मोठा भार भारतीय करदात्यांनी उचलला होता. कष्टांचे मोल मी नाकारत नाही. मागे राहिलेल्याला आळशी ठरवणे मात्र सरळसरळ अन्याय आहे.

– एक वाचक