देवतांची धास्ती, सूडाची नाही

आमच्या धर्मग्रामाच्या वाचनालयातून एक जाडजूड इंग्रजी कादंबरी ताबडतोब काढून टाकावी, अशी मागणी घेऊन मागे चार पालक माझ्याकडे आले होते. कादंबरीचे नाव ‘द पॉपी वॉर’. लेखिका आर. एफ. क्वांग. त्यांचा जन्म १९९६ साली चीनमधील ग्वांगझौचा, मात्र वाढल्या त्या अमेरिकेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीला पुढे आणखी दोन खंड जोडले गेले. पालकांची तक्रार अशी की, यात परक्या देवतांना आवाहन केले जाते, अफूच्या धुंदीत माणसांच्या अंगात दैवते येतात आणि आमची कॅथॉलिक मुले हे सारे मिटक्या मारीत वाचतात. ‘आपण हे पुस्तक वाचले आहे का?’ असे मी नम्रपणे विचारले. चौघांपैकी एकानेही ते वाचले नव्हते. एका मातेने मलपृष्ठावरचा मजकूर तेवढा वाचला होता.

मी ते पुस्तक घेऊन ठेवले आणि चार रात्री जागून वाचून काढले. आता लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

कथा निकान नावाच्या काल्पनिक साम्राज्याची आहे. रिन ही युद्धात अनाथ झालेली, काळ्यासावळ्या रंगाची खेडवळ पोर. अफूची चोरटी विक्री करणाऱ्या कुटुंबात ती वाढते. लग्न लावून देऊन आपल्याला खपवले जाणार हे कळताच ती रात्रंदिवस अभ्यास करते, साम्राज्याची प्रवेशपरीक्षा देते आणि राजधानीतील युद्धविद्यालयात दाखल होते. तेथे श्रीमंत सरदारपुत्रांकडून तिची हेटाळणी होते. पुढे शेजारचे बेटराष्ट्र मुगेन आक्रमण करते, दरबारात विश्वासघात होतो, खुद्द सम्राज्ञी आपल्याच सैनिकांना शत्रूच्या हवाली करते. रिन अग्निपक्ष्याच्या दैवताला शरण जाते आणि अखेरीस त्या बेटावरील ज्वालामुखी भडकावून सारे राष्ट्रच जाळून टाकते. सैनिक, शेतकरी, दूधपिती बाळे, सारी.

आता सांगा, वाचकहो, या कथेत भिण्यासारखे काय आहे? अंगात येणारे दैवत? अंगात येणे आपल्या मुलांनी आजूबाजूच्या गावांत पाहिलेले आहे. त्यामुळे कुणाची श्रद्धा डळमळल्याचे मला आठवत नाही. पवित्र सभेने निषिद्ध ग्रंथांची सूची १९६६ सालीच रद्द केली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तर २०२४ च्या जुलैमध्ये साहित्यवाचनाच्या महत्त्वावर खास पत्र लिहिले. तरुणपणी त्यांनी स्वतः सांता फे येथील येशूसंघीयांच्या शाळेत साहित्य शिकवले होते. आणि आम्ही मात्र मलपृष्ठ वाचून पुस्तके हद्दपार करायला निघालो! मान्य, या पुस्तकातील हिंसा भयंकर आहे आणि दृढीकरणाच्या वर्गातील मुलाच्या हाती मी ते देणार नाही. त्यासाठी कपाटाला कुलूप पुरेसे आहे. होळीची गरज नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो अधिक कठोर आहे. आमच्या युवासंघातील एका मुलाने ही कादंबरी तीन दिवसांत संपवली होती. ‘सर्वांत काय आवडले?’ असे विचारताच तो उत्तरला, ‘फादर, तिने ते बेट जाळले तेव्हा मला खूप बरे वाटले. तिने बरोबर केले.’ चार पालकांपैकी एकाच्याही मनात ही भीती नव्हती. अग्निपक्ष्याची त्यांना धास्ती वाटली. ‘बरोबर केले’ या दोन शब्दांची वाटली नाही.

तो मुलगा दुष्ट नाही. लेखिकेने त्याला तिथवर हात धरून नेले आहे. गोलिन नीस या नगराचा जो संहार कादंबरीत वर्णिला आहे, तो कल्पनेतून आलेला नाही. १३ डिसेंबर १९३७ रोजी जपानी सैन्याने चीनची तेव्हाची राजधानी नानजिंग जिंकली आणि पुढील काही आठवडे कत्तल व बलात्कार यांचा जो कहर केला, त्याचीच ही छाया आहे. मृतांचा आकडा टोकियोच्या न्यायासनाने दोन लाखांवर मानला. चीन तीन लाख सांगतो. अफूचेही तसेच. चीनला अफू पाजण्याच्या त्या धंद्यात माळव्याची अफू मुंबई आणि दमणच्या बंदरांतूनच जात होती, हे आपण मुंबईकरांनी व वसईकरांनी जरा जपून आठवावे. अशा जखमांवर लिहिण्याचा लेखिकेचा हक्क मी निर्विवाद मानतो. तिने जगाला ते पाहायला लावले, हे तिचे मोठेपण.

परंतु तिने जे पाहिले, त्याच्या शेजारी आणखी काही उभे होते. १९३७ मध्येच शांघाय शहरात फादर जाकिनो हे एका हाताचे फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरू चिनी आणि जपानी या दोन्ही सेनांशी बोलणी करून एक सुरक्षित विभाग उभारीत होते. त्या विभागात अडीच लाखांच्या आसपास निर्वासितांना आसरा मिळाला. त्याच धर्तीवर नानजिंगमध्येही विभाग आखला गेला. तेथे मिनी व्हॉट्रिन या प्रॉटेस्टंट मिशनरी बाईने आपल्या महिला महाविद्यालयाच्या आवारात हजारो स्त्रिया आणि मुले लपवली. जॉन रॅबे नावाचा जर्मन व्यापारी, तोही नाझी पक्षाचा सदस्य, या कामात पुढे होता. माणसाचे मन किती गुंतागुंतीचे असते पाहा! गोलिन नीसमध्ये असा दरवाजा मला सापडला नाही. दुसऱ्या खंडात पाश्चात्त्य धर्मप्रचारक येतात. त्यांतील एक भगिनी रिनला प्रयोगशाळेतील प्राण्यासारखी तपासते. हे चित्र आपल्याला बोचते आणि काही अंशी बोचावेही. वसाहतींच्या सावलीत आपल्याही हातून पुष्कळ चुका झाल्या. पण जिथे एकही दरवाजा उघडत नाही, त्या जगात जाळण्याशिवाय रिनपुढे दुसरा मार्गच उरत नाही. मार्ग नाहीसे करून मग निवड दाखवायची, हा लेखिकेचा डाव मला मान्य नाही.

आणि ते जळालेले बेट? ते वाचताना मला हिरोशिमा आणि नागासाकी दिसल्याखेरीज राहिले नाहीत. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीच्या उराकामी भागावर अणुबॉम्ब पडला. उराकामीच्या महामंदिरात त्या वेळी मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणासाठी पापनिवेदन चालले होते. धर्मगुरू आणि समोरचे भाविक तिथेच भस्म झाले. त्या भागातील सुमारे १२,००० कॅथॉलिकांपैकी ८,५०० मृत्युमुखी पडल्याचे सांगतात. अडीच शतके छळ सोसून लपूनछपून श्रद्धा जपणाऱ्यांचे हे वंशज. नानजिंगचा हिशेब यांच्याकडून वसूल झाला असे कुणाला म्हणायचे असेल, तर त्याने ते त्या पापनिवेदनाच्या रांगेपुढे उभे राहून म्हणावे. व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेने १९६५ साली स्पष्ट बजावले की, संपूर्ण नगरांचा सरसकट विनाश हा देवाविरुद्ध आणि मानवाविरुद्ध अपराध आहे. त्यात ‘शत्रूची नगरे वगळून’ अशी पळवाट ठेवलेली नाही.

त्या स्फोटात डॉ. ताकाशी नागाई यांची पत्नी गेली. राखेत तिच्या अस्थींपाशी जपमाळ सापडली. नागाई चीनच्या रणभूमीवर जपानी सेनेत वैद्य म्हणून राहून आलेले. आपल्या राष्ट्राने काय केले याची जाण असलेले. अंथरुणाला खिळल्यावर १९५१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते शांततेविषयी लिहीत राहिले. आणि याच नागासाकीच्या टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी आपला वसईचा गोन्सालो गार्सिया क्रुसावर गेला. त्याच्यासोबतच्या पॉल मिकी यांनी क्रुसावरूनच आपल्या मारेकऱ्यांना क्षमा केली. आपण गोन्सालोचा सण साजरा करतो, मिरवणूक काढतो. त्या टेकडीवर काय घडले ते मुलांना सांगतो का?

पुस्तकाचे चाहते म्हणतील, लेखिका रिनचे समर्थन करीत नाही. हे खरे आहे. बेट जळाल्यावर रिनचा मित्र किताय हादरून जातो आणि ती मात्र ते लोक माणसेच नव्हते अशी स्वतःची समजूत घालते. तिसऱ्या खंडात तिची वाटचाल तिला विनाशाकडेच नेते. रिनचे आयुष्य माओच्या वाटेवर बेतल्याचे लेखिकेने सांगितले आहे. माझा वाद म्हणूनच लेखिकेशी थोडा आणि आपल्याशी अधिक आहे. आमच्या मुलाने पहिला खंड वाचला आणि तिथेच थांबला. कितायचा धक्का त्याच्या ध्यानातच राहिला नाही, कारण ‘त्यांना धडा शिकवायलाच हवा होता’ हे वाक्य त्याच्या कानांना आधीच परिचित होते. बांधाच्या वादात, निवडणुकीच्या गप्पांत, रात्री दूरचित्रवाणीसमोर जेवताना ते त्याने आपल्याच घरी ऐकलेले आहे. वाचनालयातील कोणत्या पुस्तकाने त्याला ते शिकवले?

तेव्हा पुस्तक कपाटात राहील, कुलपात, सज्ञान वाचकांसाठी. युवासंघात त्यावर चर्चा ठेवली आहे आणि तो मुलगा पहिल्यांदा बोलणार आहे. मागणी घेऊन आलेल्या चारही पालकांना मी निमंत्रण दिले आहे. अट एकच, पुस्तक वाचून यायचे. आजवर एका मातेने ते नेले आहे.