पायरीवरचे जुने लोक कां उठून गेले?

शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर ज्यांच्या आयुष्याचे तीस-तीस, चाळीस-चाळीस हंगाम गेले, अशीं कित्येक वडीलधारीं माणसें अलीकडे तेथें दिसेनाशीं झालीं आहेत. स्टेडियम ओस पडलें आहे असें मात्र नाहीं. मोठ्या सामन्याला आजही पायऱ्या भरतात. हलग्या वाजतात, झेंडे नाचतात, मोबाइलचे दिवे लुकलुकतात. उणीव आहे ती त्या जुन्या माणसांची. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांचे वडील व आजोबा या मंडळींत मोडतात. त्यांना कारण विचारलें तर ‘आतां गुडघे दुखतात’, ‘ऊन सोसत नाहीं’ असें उत्तर मिळतें; परंतु बोलणें जरा लांबलें कीं ‘आतां तो आपला संघ राहिला नाहीं’ हें वाक्य हळूच बाहेर पडतें. या वाक्यांत तथ्य किती, आणि असल्यास विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं काय करावें, याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘आपला संघ’ या शब्दांना कोल्हापुरांत जो अर्थ आहे, तो इतर शहरांत क्वचितच आढळेल. शाहू महाराजांनीं कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ सालीं खासबागेचें मैदान उभें राहिलें, आणि पेठापेठांतील तालमी गजबजल्या. पुढें संस्थानी काळांतच फुटबॉल येथें रुजला, व त्याच तालमींच्या पोरांनीं तो उचलून धरला. म्हणून येथील संघांचीं नांवें पाहावीं: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ. क्लब म्हणविणारा प्रॅक्टिस क्लबासारखा एखादाच. ज्या मंडळाचा गणपती, त्याच मंडळाचा संघ. ज्या गल्लींत वर्गणीची पावती फाटे, त्याच गल्लींतला मुलगा बचावफळींत उभा राही. तो सकाळीं नळावर दिसे, रात्रीं दूध कट्ट्यावर भेटे, आणि त्याची आई शेजारणीला ‘आज जरा देवाला सांगा हो’ म्हणून विनवी.

शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांची ईर्षा तर प्रसिद्धच आहे. परंतु ईर्षा म्हणजे वैर नव्हे. सामना संपल्यावर दोन्ही पेठांचे लोक एका पंगतीला बसत, एकमेकांच्या घरीं लेकी देत, आणि जांवयाच्या पेठेनें दवडलेल्या पेनल्टीची थट्टा वर्षभर पुरवीत. हरलेल्या खेळाडूला दुसऱ्या दिवशीं पेठेंतूनच कामावर जावें लागे. म्हणून तो जीव तोडून खेळे, आणि म्हणूनच तो हरला तरी पेठ त्याला समजून घेई.

मग बिघडलें कोठें? जुन्या मंडळींच्या तक्रारी मुख्यतः तीन आहेत. पहिली अशी कीं, संघांत पेठेचा मुलगा शोधावा लागतो. हंगामापूर्वी नोंदणीच्या वेळीं खेळाडूंची या तालमींतून त्या तालमींत पळवापळवी होते, बाहेरगांवचे खेळाडू येतात, आणि कांहीं वर्षांपासून आफ्रिकेंतील देशांतून आलेले खेळाडूही येथें खेळूं लागले आहेत. कट्ट्यावर चर्चा चालते ती पासची नव्हे, कोणी किती रक्कम घेतली याची. दुसरी तक्रार पायऱ्यांवरील भाषेची व हुल्लडबाजीची. तिसरी अशी कीं, खेळापेक्षां खेळाभोंवतालचा डामडौल मोठा झाला आहे: चषक उंच, बक्षिसांचे आंकडे मोठे, व्यासपीठावर खुर्च्यांची दाटी, आणि फलकावर पुढाऱ्यांच्या छायाचित्रांखालीं कोठें तरी खेळाचें नांव.

या सर्व तक्रारी सरसकट मान्य कराव्या, असें आम्हांस वाटत नाहीं. खेळाडूनें पैसे घेणें यांत पाप कोणतें? पूर्वी एखाद्याचा गुडघा मैदानांत मोडला तर त्याला चार दिवस शाबासकी मिळे, आणि पांचव्या दिवशीं तो लंगडत कारखान्यांत जाई. त्या काळाचे गोडवे गातांना त्याच्या घरची चूल आपण विसरतों. तसेंच परदेशी खेळाडूंचें. जे तरुण हजारों मैलांवरून पोट भरण्यासाठीं येतात व ठरला तितका घाम गाळतात, त्यांच्यावर राग काढणें हा अन्याय होय. त्यांच्या वर्णावरून पायऱ्यांवरून जे शब्द फेंकले जातात, ते तर ज्या नगरानें शाहू महाराजांचें नांव स्टेडियमला दिलें, त्या नगराला लाजविणारे आहेत. वर्णावरून वा जातीवरून माणसाला हिणवावयाचें नाहीं, हाच धडा त्या राजानें या करवीरांत आयुष्यभर दिला.

व्यावसायिक खेळानें येथील मुलांचें कल्याणही केलें आहे. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतांत झाली, त्या वेळीं भारतीय संघांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. रिक्षा चालविणाऱ्या वडिलांचा हा मुलगा पुण्यास जाऊन शिकला आणि दिल्लीच्या मैदानावर जगापुढें उतरला. अमेरिका, कोलंबिया व घाना यांच्याशीं झालेले तिन्ही सामने भारत हरला, तरी त्या दिवसांत येथील घरोघरीं दूरदर्शन संचासमोर जो श्वास रोखला गेला, तो आमच्या विद्यार्थ्यांपैकीं मोठ्यांना आठवत असेल. केवळ पेठेच्या वर्गणीवर हा प्रवास झाला नसता.

असें असतांही जुन्या माणसांच्या त्या एका वाक्यांत एक खरें दुखणें आहे, आणि तें पैशाहून निराळें आहे. आमच्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी डाव्या पायाचा उत्तम खेळाडू होता. दहावी झाल्यावर तो आपल्या पेठेच्या संघांत गेला. तीन हंगाम तो राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला, कारण त्याच्या जागीं दर वर्षीं बाहेरून कोणी तरी आणला जाई. पुढें त्यानें खेळ सोडला. कारण विचारतां तो म्हणाला, “सर, बाकावर बसण्याचें कांहीं वाटलें नाहीं. पण माझ्या मागें आमच्याच बोळांतले लोक बसत, आणि त्यांतल्या कोणालाही मी बाकावर कां आहें हें विचारावेंसें वाटलें नाहीं.” संघ जिंकत होता, चषक येत होते, मिरवणुका निघत होत्या, मात्र पेठ आणि संघ यांच्यामधला धागा त्या बाकावर तुटत होता. आजोबा पायरीवरून उठून गेले ते याच धाग्याच्या दुःखानें. ज्याला आपण बाळपणापासून ओळखतों असा कोणी मैदानावर नसेल, तर ओरडावयाचें कोणासाठीं?

हें दुखणें एकट्या कोल्हापूरचें नाहीं. आपल्याच राज्यांत पाहावें. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ २००६ सालीं राष्ट्रीय लीग जिंकला, आणि २०१० सालीं त्याच्या मालकांनीं तो बंद केला. पुण्यांत एफ्‌सी पुणे सिटी हा संघ २०१४ सालीं गाजावाजा करून निघाला आणि २०१९ सालीं मिटला; त्याची जागा हैदराबादच्या संघानें घेतली. गोव्यांत तर फुटबॉल गांवोगांवच्या जत्रेइतका जुना. तेथील साळगांवकर, स्पोर्टिंग क्लब व पांच वेळां राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो यांनीं २०१६ सालीं, लीगच्या नव्या व्यवस्थेशीं न पटल्यामुळें, राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलें. या प्रत्येक वेळीं हजारों माणसें एका सकाळीं उठून पाहतात तों त्यांचा संघ नाहींसा झालेला. त्यांना कोणी विचारलें नव्हतें, कारण विचारण्याजोगा त्यांचा हक्कच कागदोपत्रीं कोठें नव्हता.

परंतु हक्क नसलेल्या माणसांनींही कांहीं करून दाखविलें आहे. लंडनच्या दक्षिण भागांत विंबल्डन नांवाचा जुना संघ होता. २००२ सालीं त्याच्या मालकांना संघ तेथून उचलून सुमारें नव्वद किलोमीटर दूर असलेल्या मिल्टन कीन्स या नव्या शहरीं नेण्याची परवानगी मिळाली. तेव्हां त्या संघाचे चाहते हताश होऊन घरीं बसले नाहींत. त्याच वर्षीं त्यांनीं स्वतःचा नवा संघ स्थापिला, विंबल्डनच्या माळावर खेळाडूंची चांचणी घेतली आणि अगदीं खालच्या श्रेणींतून खेळावयास आरंभ केला. २०११ सालीं तो संघ इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्यें पोहोंचला, आणि २०२० सालीं आपल्या जुन्याच रस्त्यावर नव्या मैदानांत परतला. पुढें एप्रिल २०२१ मध्यें युरोपांतील बारा धनाढ्य संघांनीं आपणांपुरती निराळी लीग काढण्याचा घाट घातला; तेव्हां इंग्लंडांतील चाहते रस्त्यावर उतरले, आणि तेथील सहाही संघांना दोन दिवसांत माघार घ्यावी लागली. जर्मनींत तर, थोडे अपवाद सोडल्यास, संघाच्या मतांचा निम्म्याहून अधिक वांटा सभासदांच्या हातीं असावा असा नियमच आहे.

आतां आपल्या पेठांकडे वळूं. जर्मनींतील लोकांना जें नियम करून राखावें लागतें, तें कोल्हापूरच्या माणसाला वारशानें मिळालें आहे. पाटाकडील तालीम कोणी विकूं शकत नाहीं. खंडोबा तालीम कोणी उचलून पुण्यास नेऊं शकत नाहीं. येथें मालक नाहीं, मंडळ आहे. आणि मंडळ म्हणजे वर्गणी देणारा प्रत्येक मनुष्य. तेव्हां येथील संघ परका झाला असेल, तर तो कोणा शेठजीनें हिरावून नेला नाहीं. ‘कांहीं करा, पण यंदा त्यांना हरवा’ अशी मागणी पायऱ्यांवरूनच झाली, आणि कार्यकर्त्यांनीं ती पुरविली. विजय विकत आणला गेला. त्याची किंमत बाकावरच्या मुलानें मोजली.

हुल्लडबाजीचेंही मूळ येथेंच आहे असें आम्हांस वाटतें. मैदानावर ओळखीचा मुलगा असला म्हणजे मनुष्य त्याच्यासाठीं ओरडतो. तो नसला म्हणजे केवळ दुसऱ्याविरुद्ध ओरडणें उरतें. मग शिव्या येतात, बाटल्या येतात, दगड येतात, पाठोपाठ पोलिसांची काठी येते, आणि खेळ थांबतो. पालकांनीं येथें एक व्यवहाराची गोष्ट ध्यानांत घ्यावी. दगडफेकीच्या गुन्ह्यांत ज्या मुलाचें नांव जातें, त्याला पुढें सैन्यभरतीच्या, पोलिसभरतीच्या व पासपोर्टाच्या वेळीं चारित्र्याच्या पडताळणीस तोंड द्यावें लागतें. नव्वद मिनिटांचा आवेश दहा वर्षें पाठ सोडीत नाहीं. मुलींचा विचारही करावा. एफ्‌सी कोल्हापूर सिटी हा येथील महिलांचा संघ २०१९ सालीं भारतीय महिला लीगमध्यें खेळला. ज्या नगराच्या मुली देशाच्या मैदानावर खेळतात, त्याच नगरांत बापाला आपल्या मुलीला घेऊन पायरीवर बसण्याची लाज वाटावी, याहून विपरीत तें काय?

तेव्हां वडीलधाऱ्या मंडळींना आमची विनंति अशी कीं, त्यांनीं रुसून घरीं बसूं नये. ज्या पायरीवर चार पिकलेलीं डोकीं बसलेलीं असतात, त्या पायरीवर तोंड सोडण्यास पोरांना संकोच वाटतो; तीं डोकीं उठून गेलीं कीं संकोचही जातो. मंडळाच्या सभेस जावें, वर्गणी देतांना हिशेब मागावा, आणि मुख्य म्हणजे एक प्रश्न दर वर्षीं न चुकतां विचारावा: अकरांत आपल्या पेठेचे किती, आणि लहान गटांतून वर आलेले किती? बाहेरचे दोन-तीन चांगले खेळाडू अवश्य आणावे. त्यांच्यापासून आपलीं मुलें शिकतील. पण निम्मा संघ तरी पेठेचा असावा, असा निश्चय प्रत्येक तालमीनें आपला आपण करावा. त्यापायीं एखादा चषक गेला, तर जाऊं द्यावा.

विद्यार्थ्यांना सांगणें थोडें आहे. २०२२ सालीं अर्जेंटिनानें विश्वचषक जिंकला तेव्हां येथील चौकाचौकांत मेस्सीचे फलक झळकले. त्याचा आम्हांलाही आनंद झाला. मेस्सीची पाठमोरी आकृतिही तुम्हीं ओळखाल. परंतु तुमच्याच गल्लींत राहणारा, तुमच्याच तालमीच्या राखीव बाकावर बसणारा मुलगा कोण, हें तुम्हांपैकीं किती जणांना ठाऊक आहे? यंदाच्या हंगामांत त्याचें नांव विचारून घ्या, सरावाच्या वेळीं त्याला भेटा, आणि तो मैदानांत उतरला कीं त्याच्या नांवानें ओरडा. आणि एखाद्या रविवारीं आजोबांचा हात धरून त्यांना पायरीपर्यंत पोहोंचवा. गुडघ्यांचें दुखणें ते सोसतील.