इफ्तारचा पेला आणि सहा चमचे साखर

मगरिबच्या अजानला पंधरा-वीस मिनिटे उरली की मशिदीजवळच्या बाजाराची लगबग वाढते. कलिंगडाच्या फोडींची ताटे, भज्यांचा घाणा, जिलबीची कढई, खजुराचे ढीग आणि बर्फाचे मोठाले तुकडे टाकलेल्या लाल सरबताची पातेली. या गर्दीत टोपी घातलेले असतात, तसे कपाळाला गंध लावलेलेही असतात. रोजा ज्याचा त्याचा असला तरी रमजानचा बाजार आता साऱ्या गावाचा झाला आहे.

त्या सरबताच्या पातेल्याचा एक साधा हिशेब आहे. दहा जणांच्या सरबतात पाव किलो साखर पडली, तर प्रत्येकाच्या पेल्यात 25 ग्रॅम येते. चहाच्या चमच्याने मोजली तर साधारण सहा चमचे. पाव किलो म्हणजे कुणाला फार वाटणार नाही. पण एका माणसाने दिवसभरात मिळून जेवढी साखर खावी असे आरोग्यतज्ज्ञ सुचवतात, ती मात्रा या एका पेल्यातच संपते. दुसरा पेला, जिलबी, तरावीहनंतरचा चहा आणि सहरीची दूध-फेणी हे सारे त्यापुढचे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये साखरेबाबत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दिवसभराच्या एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांपेक्षा कमी उष्मांक वरून घातलेल्या साखरेतून यावेत, ही त्यातली ठाम शिफारस. दिवसाला 2000 कॅलरीचा आहार धरला तर ही मर्यादा 50 ग्रॅम होते. तीही निम्म्यावर, म्हणजे 25 ग्रॅमपर्यंत आणता आली तर अधिक लाभ होऊ शकतो, असे संघटना पुढे सुचवते. पहिल्या शिफारशीमागे वजनवाढ आणि दातांची कीड यांविषयीचा भक्कम पुरावा आहे. दुसरीमागचा पुरावा मुख्यतः दातांविषयीचा असून तुलनेने कमी आहे. म्हणून 50 ग्रॅम ही ओलांडू नये अशी रेघ आणि 25 ग्रॅम हे गाठण्याचे ठिकाण, असे मानणे सोयीचे. लहान मुलांचा आहारच कमी, तेव्हा त्यांची मर्यादाही कमी.

हा हिशेब किराणा मालाच्या यादीवरही मांडता येतो. चार जणांच्या घराला प्रत्येकी 25 ग्रॅमप्रमाणे महिन्याला तीन किलो साखर पुरते. मात्र या तीन किलोंत केवळ डब्यातली साखर मोजून भागत नाही. गूळ, मध, बाटलीबंद सरबत, शीतपेये, बिस्किटे, केक, बाजारची मिठाई हे सारे त्यातच धरायचे. गूळ आणि मध यांच्याबद्दल घरोघरी मोठी श्रद्धा आहे, पण शरीराच्या दृष्टीने त्यांतही बहुतांश साखरच असते. फळांचा गाळलेला रसही याच खात्यात जातो. सबंध फळ आणि साधे दूध यांतली नैसर्गिक साखर मात्र यात धरलेली नाही.

मर्यादेची ही चर्चा सुखवस्तूंचा छंद म्हणून सोडून देता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेह केवळ साखर खाल्ल्याने होतो असे म्हणणे चूक ठरेल. आनुवंशिकता, वाढलेले वजन, बैठे काम, एकूण आहार अशी त्याची अनेक कारणे आहेत. पण साखरेची पेये नेहमी पिणाऱ्यांना हा धोका अधिक असतो, हे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. पेय घटाघट पोटात जाते, पोट भरल्याची जाणीव होत नाही आणि जेवण तेवढेच होते. साखर मोजायला सुरुवात कुठून करावी, याचे उत्तर म्हणूनच ताटात शोधण्यापूर्वी पेल्यात शोधावे लागते.

रमजानमध्ये हा प्रश्न अधिक टोकदार होतो. तेरा-चौदा तास पाण्याचा थेंबही न घेतलेल्या माणसाला अजान होताच गार, गोड पेला हवासा वाटणे स्वाभाविक आहे. त्यात कुणाचा दोष नाही. पण त्या घडीला शरीराची पहिली मागणी पाण्याची असते. गोड सरबताने तहान भागल्यासारखी वाटते, सोबत साखर मात्र भसाभस रक्तात जाते. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची रोजा सोडण्याची रीत हदीसमध्ये नोंदलेली आहे: ताजे खजूर, ते नसल्यास सुके खजूर आणि तेही नसल्यास पाण्याचे काही घोट. त्यात लाल सरबत नाही, गुलाबजाम नाही, शीतपेयाची बाटली नाही. खजुराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचाच असतो हे खरे. तरी ते सबंध फळ आहे, त्यात तंतू आहेत आणि ते चावून खावे लागते. दोन-तीन खजुरांनी माणूस थांबतो. सरबताच्या जगाला तो थांबा नाही.

कुराणाने खाण्यापिण्याची मुभा देतानाच अतिरेकाला मनाई केली आहे. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी मोकळा ठेवावा, ही शिकवणही हदीसमध्ये आहे. दिवसभर हलाल अन्नापासूनही हात आखडता घ्यायचा आणि सूर्य मावळताच तो हात मोकाट सोडायचा, हे रोजाच्या हेतूशी जुळत नाही. संयमाची सवय अजानबरोबर संपावी अशी रोजाची कल्पना मुळातच नाही.

मधुमेह असलेल्यांचा प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर आहे. आजारी माणसाला रोजातून सवलत कुराणानेच दिली आहे. तरीही ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने अनेकजण डॉक्टरांना न विचारता रोजे धरतात, औषधांच्या वेळा स्वतःच बदलतात आणि संध्याकाळी सगळ्यांबरोबर गोडही खातात. हे तिन्ही धोक्याचे. रोजा धरायचाच असेल तर रमजानपूर्वीच डॉक्टरांशी बोलून औषधांची मात्रा ठरवून घ्यावी. बोटाला टोचून रक्तातील साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा मानतात. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. त्या क्षणी रोजा सोडणाऱ्याला कमजोर ईमानाचा ठरवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

‘वर्षातून एकच महिना तर आहे’ हे उत्तर ठरलेले असते. ते खरेही वाटते. पण मिश्र वस्तीच्या गावात राहणाऱ्याने दिनदर्शिका उलटून पाहावी. संक्रांतीचा तिळगूळ, पाडव्याचे श्रीखंड, होळीची पुरणपोळी, गणपतीचे मोदक, दिवाळीचा फराळ, नाताळचा केक, ईदचा शिरखुर्मा. प्रत्येक सण आपापल्या जागी वर्षातून एकदाच येतो. शेजार चांगला असेल तर सगळेच सण आपले होतात आणि सगळ्यांचे गोडही आपल्याच घरी येते. ही तर आपल्या गावांची श्रीमंती. ती कमी व्हावी असे कुणाला वाटेल? कमी व्हायला हवी ती वाटीतली साखर.

मराठी माणसाच्या मायेला साखरेची सवय फार जुनी आहे. बातमी चांगली असली की तोंड गोड करायचे, लग्न ठरले की साखरपुडा, शुभ बोलणाऱ्याच्या तोंडात साखर. पाहुण्याने चहात साखर नको म्हटले की घरच्यांना उगाच अवघडल्यासारखे होते. ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणत आणखी एक जिलबी ताटात पडते. घेणाऱ्याला नाही म्हणवत नाही, कारण गोड नाकारले की माणूस नाकारल्यासारखे वाटते. शेजारच्या काकांना मधुमेह आहे हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक असते. तरी ईदच्या दिवशी त्यांच्यापुढे शिरखुर्म्याची काठोकाठ भरलेली वाटी येते आणि तेही ती संकोचाने संपवतात. दिवाळीला हेच उलट्या दिशेने घडते. लळा दोन्हीकडे खरा असतो. त्याचा भुर्दंड मात्र दुसऱ्याच्या शरीराला पडतो.

यावर उपाय अवघड नाहीत. सार्वजनिक इफ्तार भरवणाऱ्या मंडळींनी पहिल्या पंगतीला खजूर आणि साधे पाणी ठेवावे, सरबत नंतर आणि लहान पेल्यात द्यावे. पातेल्यातली साखर यंदा पाव किलोऐवजी दीडशे ग्रॅम घातली तरी लिंबू, सब्जा आणि बर्फ आपले काम करतील. शिरखुर्म्याला खजूर, खारीक आणि मनुकांचा गोडवा असतोच. वरची साखर निम्मी केली तर फारसे कुणाच्या ध्यानातही येणार नाही. गरजू कुटुंबांना रमजानचे किट देणाऱ्यांनी सरबताच्या बाटलीऐवजी डाळ, शेंगदाणे किंवा खजुराचे एक पाकीट वाढवावे. उपचाराचा खर्च ज्यांना सर्वांत कमी झेपतो, त्यांच्याच घरी स्वस्त साखर पोहोचवणे हे दान अपुरे आहे.

मुलांच्या बाबतीत तर उशीर परवडणारा नाही. सीबीएसईने मे 2025 मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. शाळेतल्या फलकावर मूल जे वाचते, ते त्याला घरच्या दस्तरखानावरही दिसायला हवे. बाटलीवर 100 मिलिलिटरमागे किती ग्रॅम साखर आहे हे छापलेले असते. त्याला चारने भागले की चमचे मिळतात. पहिला रोजा धरणाऱ्या मुलाच्या गळ्यात हार घालताना हा भागाकारही त्याला शिकवता येईल.

ईदला अजून अवकाश आहे. पंचवीस-तीस दिवसांत जिभेची चव बदलते, हे चहातली साखर हळूहळू कमी केलेल्या कुणालाही विचारावे. ईदच्या सकाळी शेजारी दारात येतील, गळाभेटी होतील, वाट्या भरल्या जातील. त्या वेळी घरातल्या मोठ्यांनी एवढेच विचारावे, ‘गोड किती घालू?’ आणि जे उत्तर मिळेल ते आग्रह न करता मानावे.